अंगावरून वारें जातें म्हणजे काय होतें?

"अंगावरून वारें गेलें" हे शब्द आपल्यापैकीं प्रत्येकाच्या कानांवरून गेलेले आहेत. शेजारचे एखादे गृहस्थ रात्रीं नीट जेवून निजले आणि सकाळीं त्यांचा उजवा हात उचलेना. कोणाच्या मुलाचे पाय तापानंतर लुळे पडले. कोणा बाईंचें तोंड एका रात्रींत वांकडें झालें. या सर्वांस आपण एकच नांव देतों. आपल्या जुन्या वैद्यकांत शरीराच्या सर्व हालचाली वायूच्या स्वाधीन मानल्या आहेत. हालचाल गेली म्हणजे वायु बिघडला, असें हें नांव पडलें. मात्र त्या ग्रंथकारांची दृष्टि आपल्या घरगुती भाषेहून बारीक होती. अर्धें अंग जाण्यास त्यांनीं पक्षाघात म्हटलें, तोंड वांकडें होण्यास अर्दित म्हटलें, आणि दोहोंचें वर्णन निरनिराळें केलें. व्यवहारांत हा भेद पुसला गेला. नांव एक झालें म्हणून कारणही एकच वाटूं लागलें, आणि कारण एक म्हणून उपायही एकच ठरला: तेल चोळावें, शेक द्यावा आणि वाट पाहावी.

ही वाट पाहणेंच पुष्कळदां घात करतें. हातपाय लुळे पडण्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील कांहींत एका घटकेचा विलंब जन्माचें नुकसान करतो. कांहींत रोगी आज मरणाच्या दारीं दिसला तरी त्याचा श्वास चालूं ठेवला असतां महिन्यादोन महिन्यांनीं तो आपल्या पायांनीं घरीं येतो. आणि कांहीं कारणें तर इतकीं साधीं आहेत कीं योग्य औषध मिळतांच रोगी कांहीं तासांत उठून बसतो. कोणतें कारण कोठें दडलेलें असतें, याची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

घरांतला विजेचा दिवा लागत नाहीं असें समजा. जाणता माणूस काय करील? दोष वीजघरांत आहे, मोठ्या तारेंत आहे, घरांत आलेल्या बारीक तारेंत आहे, दिवा बसवितों त्या खोबणींत आहे, कीं खुद्द दिव्यांतच आहे, हें तो क्रमानें पाहील. आपल्या स्नायूचेंही असेंच आहे. हात उचलण्याची आज्ञा मेंदूंत निघते, ती पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून खालीं उतरते, तेथून मज्जातंतूच्या वाटेनें हातापर्यंत येते, तंतु व स्नायु यांच्या सांध्यावर एका रासायनिक द्रव्याच्या रूपानें पलीकडे जाते, आणि मग स्नायु आंखडतो. मेंदू, मज्जारज्जु, तंतु, सांधा आणि स्नायु अशीं हीं पांच ठाणीं झालीं. पांचांपैकीं कोणतेंही एक बिघडलें तरी परिणाम एकच दिसतो: हात उचलत नाहीं.

त्यापूर्वीं एक गोष्ट ठरविली पाहिजे. "अंगांत शक्ति नाहीं" असें सांगणारा प्रत्येक माणूस या अर्थानें दुर्बल नसतो. रक्त कमी असलें, झोंप नसली, मन खचलें असलें तरी माणूस थकतो. पण प्रयत्न केला तर त्याला जिना चढतां येतो. खरी दुर्बलता विशिष्ट कामांत अडते, आणि ती कामें ऐकूनच वैद्यास पुष्कळ कळतें. पाटावरून उठतांना जमिनीवर हात टेकावा लागतो, वेणी घालतांना हात वर राहत नाहींत, असें असेल तर कमरेचे व खांद्याचे मोठे स्नायु दुबळे झाले आहेत, आणि दोष बहुधा स्नायूंतच आहे. चालतांना पायांतली चप्पल नकळत निसटते, सदऱ्याचें बटण लावतां येत नाहीं, असें असेल तर दुर्बलता हातापायांच्या टोंकांशीं आहे, आणि दोष बहुधा तंतूंत आहे. हा नियम सर्वत्र लागू पडतो असें नाहीं. पण वैद्याच्या विचारास त्यानें दिशा मिळते.

आतां पहिलें ठाणें, मेंदू. १८७० सालीं बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग या दोघां संशोधकांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट भागास विजेचा सौम्य प्रवाह लावला, तेव्हां त्याच्या उलट बाजूचे पाय हलले. हालचालीच्या आज्ञा मेंदूच्या ठराविक भागांतून निघतात आणि वाटेंत बाजू बदलतात, हें त्यामुळें सिद्ध झालें. म्हणूनच मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागास इजा झाली म्हणजे उजवें अंग जातें, आणि बहुतेक माणसांत वाणीचें स्थानही डावीकडेच असल्यामुळें उजव्या अंगाबरोबर पुष्कळदां बोलणेंही जातें.

ही इजा बहुधा रक्तवाहिनींतून होते. वाहिनींत गुठळी अडकून रक्त थांबतें, किंवा वाहिनी फुटून रक्त मेंदूंत पसरतें. बाहेरून पाहतां दोन्ही रोगी अगदीं सारखे दिसतात. पण गुठळी विरघळविणारें औषध दुसऱ्यास दिलें तर तें प्राणघातक होईल. हा भेद दाखविणारें मेंदूचें क्ष-किरणचित्र लंडनमध्यें १९७१ सालीं हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथम काढलें गेलें. त्यासच आपण सी. टी. स्कॅन म्हणतों. १९९५ सालीं एका मोठ्या चांचणींत असें दिसलें कीं, आरंभापासून तीन तासांच्या आंत गुठळी विरघळविणारें औषध दिलें तर पुढें येणारें अपंगत्व कमी होतें. २००८ सालीं ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ नंतर मोठ्या वाहिनींतील गुठळी बारीक नळीनें बाहेर ओढून काढण्याचा उपायही रूढ झाला, आणि निवडक रोग्यांस तो चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडतो. परंतु ही मुदत पाहून कोणीं निश्चिंत होऊं नये. मोठी वाहिनी बंद झाली असतां उपचारावांचून दर मिनिटास मेंदूच्या सुमारें १९ लक्ष पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं मांडला आहे. "उद्यां सकाळीं पाहूं" या तीन शब्दांची किंमत यावरून करावी.

घरच्या माणसांनीं तीन गोष्टी पाहाव्या. रोग्यास हसावयास सांगावें. तोंडाची एक बाजू लोंबते काय? दोन्ही हात पुढें करून धरावयास सांगावें. एक हात खालीं येतो काय? एक साधें वाक्य बोलावयास सांगावें. शब्द अडखळतात काय? यांपैकीं एकही गोष्ट एकाएकीं घडली असेल तर घड्याळाकडे पाहून वेळ टिपून ठेवावी आणि ज्या रुग्णालयांत असें चित्र काढण्याची व औषध देण्याची सोय असेल तेथें सरळ जावें. तोंडांत पाणी, औषध, कांहींही घालूं नये. गिळण्याची शक्ति गेली असेल तर तें श्वासनलिकेंत उतरतें. कांहीं मिनिटांत सारें पूर्ववत् झालें तरीही जावें, कारण ती पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असूं शकते. रोगी मधुमेहाचें औषध घेत असेल तर रक्तांतील साखर ताबडतोब तपासावी. साखर अतिशय उतरली असतांही हुबेहूब असाच प्रकार दिसतो, आणि साखर देतांच तो नाहींसा होतो.

तोंड वांकडें होण्याचा दुसरा एक प्रकार आहे, त्यास १८२१ सालीं चेहऱ्याच्या तंतूचें वर्णन करणाऱ्या चार्लस बेल यांचें नांव मिळालें आहे. यांत मेंदूस कांहीं झालेलें नसतें. चेहऱ्याकडे जाणारा एकच तंतु कानामागील हाडाच्या अरुंद बोळांत सुजतो. मेंदूच्या झटक्यांत कपाळाला आठ्या घालतां येतात, कारण कपाळास दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून आज्ञा मिळते; बेलच्या प्रकारांत कपाळही सपाट राहतें आणि डोळा मिटत नाहीं. हा भेद वैद्यानें करावयाचा आहे, घरीं नव्हे. बेलच्या प्रकारांतील बहुसंख्य रोगी बरे होतात, आणि पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉईडचें औषध मिळालें तर अधिक चांगले बरे होतात. उघड्या राहिलेल्या डोळ्याचें धुळीपासून व कोरडेपणापासून रक्षण करणें हें घरच्यांचें काम.

दुसरें ठाणें मज्जारज्जु. येथें दोष असला म्हणजे बहुधा दोन्ही पाय जातात, कमरेपासून किंवा छातीपासून खालीं बधिरपणा येतो, आणि लघवी तुंबते. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ति कमी होणें हें चिन्ह कधींही हलकें मानूं नये. आपल्या देशांत याचें एक नेहमींचें कारण म्हणजे मणक्यांचा क्षय. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं याचें वर्णन केलें. किडलेला मणका व पू रज्जूस दाबतात आणि पाय लुळे पडतात. क्षयाच्या औषधांनीं, आणि जरूर तेथें शस्त्रक्रियेनें, हे पाय पुन्हां चालूं लागतात. मात्र दाब फार दिवस राहूं देतां कामा नये.

दुसरें कारण शाकाहारी कुटुंबांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. बी-१२ नांवाचें जीवनसत्त्व १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें वनस्पतींत नसतें. मांस, मासे, अंडीं आणि कांहीं अंशीं दूधदुभतें यांतूनच मिळतें. त्याच्या दीर्घ अभावानें रज्जूच्या तंतूंवरील आवरण झिजतें. प्रथम तळपायांस मुंग्या येतात, पुढें अंधारांत तोल जातो, मग पाय जड होतात. वेळेवर इंजेक्शनें मिळालीं तर सुधारणा होते. उशीर झाला तर कांहीं व्यंग कायम राहतें. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारतें आणि रज्जूचें झिजणें मात्र चालूंच राहतें, हा त्यांतील धोका.

तिसरें कारण आपल्या विदर्भांत व मध्यप्रदेशांत चांगलें माहीत आहे, तें म्हणजे लाखेची किंवा लाखोळीची डाळ. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सागरकडील हकीकत दिली आहे. १८२९ पासून सतत तीन वर्षें गारा, अवर्षण व तांबेरा यांनीं गहूं बुडाला; लाखेचें पीक तेवढें तगलें, आणि लोक त्यावरच राहिले. १८३३ पासून गांवोगांव तरुण माणसांचे पाय कमरेपासून खालीं जाऊं लागले. या डाळींतील विषारी द्रव्य १९६४ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील राव, आडिगा व शर्मा या संशोधकांनीं वेगळें करून दाखविलें. इतर धान्यांबरोबर थोडी लाख खाणाऱ्यास सहसा बाधा होत नाहीं. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली म्हणजे ती पाय घेते. हें व्यंग बहुधा कायमचें असतें, आणि तें दुष्काळांत गरिबाच्याच वांट्यास येतें.

येथें आपली दिव्याची उपमा लंगडी पडते. तार तुटली म्हणजे दिवा नुसता विझतो. पण मेंदू किंवा रज्जु यांतील वाट तुटली म्हणजे स्नायु पुढें ताठर होतो, कारण त्याला आवरून धरणारी वरची सत्ता गेलेली असते. उलट, रज्जूंतून निघणारा तंतु तुटला तर स्नायु लुळा पडून वाळत जातो. वैद्य गुडघ्यावर लहानशी हातोडी मारतात ती हें पाहण्यासाठींच: पहिल्या प्रकारांत पाय जोरानें उडतो, दुसऱ्यांत मुळींच उडत नाहीं. तळपायावर किल्लीच्या टोंकानें रेघ ओढण्याची रीत पॅरिसचे बाबिन्स्की यांनीं १८९६ सालीं दाखविली. निरोगी मोठ्या माणसाचीं बोटें खालीं वळतात. वरची वाट तुटली असेल तर आंगठा वर जातो. एका किल्लीनें दोष वर आहे कीं खालीं आहे याचा सुगावा लागतो.

रज्जूच्या ज्या पेशींतून हे तंतु निघतात त्यांनाच पोलिओचा विषाणु मारतो. व्हिएन्ना येथें लँडस्टायनर व पॉपर यांनीं १९०८ सालीं त्याचा शोध लावला. विषाणु पोटांत गेलेल्या दर दोनशें जणांत सुमारें एकालाच पक्षाघात होतो. बाकीच्यांना कळतही नाहीं, आणि म्हणूनच तो गुपचूप पसरत असे. १९५५ सालीं साल्क यांची टोंचावयाची लस आणि पुढें सेबिन यांची तोंडांत घालावयाची लस आली. भारतांत रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावड्यास आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला. रोग डोळ्यांआड झाला म्हणून बाळाचे डोस चुकविणें मात्र आत्मघाताचें होईल. शेजारच्या देशांतून तो अजून गेलेला नाहीं.

पोलिओनें वैद्यकास एक मोठा धडा दिला. १९५२ सालीं कोपनहेगन येथें सांथ आली, तेव्हां श्वासाचे स्नायु गेलेले रोगी भराभर मरूं लागले. तेथें गळ्यांतील नळीवाटे रबरी पिशवीनें हवा भरण्याचा उपाय योजला, आणि वैद्यकाच्या शेंकडों विद्यार्थ्यांनीं पाळ्या लावून रात्रंदिवस हातांनीं त्या पिशव्या दाबल्या. मृत्यु एकदम घटले. स्नायु लुळे पडल्यानें माणूस मरत नाहीं, श्वास थांबल्यानें मरतो. श्वास दुसऱ्यानें चालविला तर शरीरास सांवरण्यास अवधि मिळतो. आजचीं अतिदक्षता-दालनें या धड्यांतून जन्मास आलीं.

तिसरें ठाणें तंतु. कुष्ठरोगानें हाताचीं बोटें वांकडीं होतात किंवा पाऊल लोंबतें, तें तंतु बिघडल्यामुळेंच. तो रोग औषधांनीं बरा होतो, पण व्यंग येण्यापूर्वीं आलें पाहिजे. आणखी एका तंतुरोगाचें नांव अलीकडे पुण्याच्या घरोघरीं ऐकूं आलें. फ्रान्समधील गिलाँ, बारे व स्ट्रोल या तिघांनीं १९१६ सालीं दोन सैनिकांवरून त्याचें वर्णन केलें. यांत पायांपासून दुर्बलता सुरू होऊन कांहीं दिवसांत वर चढते. हात, चेहरा, गिळणें आणि श्वास यांपर्यंत ती पोहोंचूं शकते. एरवीं हा रोग लाखांत वर्षाकांठीं एकदोघांसच होतो. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरांत एकाएकीं त्याचे रोगी वाढले, आणि पुढील कांहीं आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेंवर गेली. कांहींच्या मलांत कँपिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला, आणि दूषित पाण्याकडे बोट वळलें.

पाण्यांतील जंतूमुळें पाय कां जावे? या जंतूच्या आवरणावरील कांहीं रेणु आपल्या तंतूंवरील रेणूंसारखे असतात. शरीर जंतूशीं लढण्यासाठीं प्रतिद्रव्यें तयार करतें, आणि तीं चुकून आपल्याच तंतूंवर तुटून पडतात. म्हणून अतिसार होऊन गेल्यावर एकदोन आठवड्यांनीं पाय जड होऊं लागले तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें निरोगी लोकांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें देतात, किंवा रोग्याच्या रक्तांतील द्रव बदलतात; दोन्ही उपाय सारखेच गुणकारी आहेत. रोग्यांपैकीं सुमारें पाव भागास कांहीं काळ श्वासयंत्र लागतें. परंतु सहा महिन्यांच्या अखेरीस दर पांचांपैकीं सुमारें चार जण आधारावांचून चालूं लागतात. पाणी उकळून पिणें, कोंबडीचें मांस पूर्ण शिजविणें, कच्च्या मांसाची सुरी भाजीस न लावणें, हें घरांत होण्यासारखें आहे. नळास शुद्ध पाणी येणें हें मात्र नगराचें कर्तव्य आहे, आणि तें नागरिकांनीं मागून घेतलें पाहिजे.

चौथें ठाणें, तंतु व स्नायु यांचा सांधा. तंतूच्या टोंकांतून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य झरतें व स्नायूस जागें करतें. मायस्थेनिया या रोगांत शरीराचीं प्रतिद्रव्यें स्नायूवरील ग्रहणस्थानेंच अडवितात. सकाळीं माणूस ठीक असतो. दिवस कलतां पापण्या मिटतात, एकाचीं दोन दिसतात, जेवण अर्ध्यावर येतां भाकरी चावण्याचें त्राण उरत नाहीं, आणि विश्रांतीनें सारें परत येतें. १९३४ सालीं ग्रीनिच येथील रुग्णालयांतील मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रकार दक्षिण अमेरिकेंतील बाणांस लावावयाच्या कुरारे विषाच्या बाधेसारखा आहे. त्या विषाचा उतारा फिझोस्टिग्मीन. मग तो येथें कां चालूं नये? त्यांनीं तो टोंचला, आणि रोगिणीची मिटलेली पापणी थोड्याच वेळांत उघडली. याच वर्गांतील औषधांनीं हजारों माणसें आज आपले व्यवसाय करीत आहेत.

याच सांध्यावर नागाचें व मण्यारीचें विष घाला घालतें. मण्यार रात्रीं घरांत शिरते व जमिनीवर निजलेल्यास चावते. दंशाची खूण दिसत नाहीं, सूजही नसते. पहांटे पोटांत दुखूं लागतें, आणि मग पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं, श्वास मंदावतो. खेड्यांत अशा वेळीं मंत्रतंत्रांत रात्र जाते. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पापण्या सकाळीं उघडत नसतील तर सर्पदंशाची शंका घ्यावी आणि रुग्णालयाकडे धांवावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारें प्रतिविष आपल्या देशांत तयार होतें. मण्यारीच्या विषानें तंतूचीं टोंकें एकदां बिघडलीं म्हणजे प्रतिविषही तीं लगेच सुधारूं शकत नाहीं. पण श्वासयंत्रावर कांहीं दिवस काढले तर नवीं टोंकें फुटतात, आणि मेल्यासारखा दिसणारा रोगी शुद्धीवर असून सारें ऐकत होता, असें मागाहून कळतें. त्याच्या उशापाशीं बोलतांना हें लक्षांत असूं द्यावें.

पांचवें व शेवटचें ठाणें, खुद्द स्नायु. येथें एक चमत्कारिक रोग आहे. धडधाकट तरुण रात्रीं गोडाधोडाचें भरपेट जेवून निजतो आणि सकाळीं त्याला हातपाय हलवितां येत नाहींत. बोलणें व शुद्धि मात्र साबूत. रक्तांतील पोटॅशियम एकाएकीं पेशींत शिरून रक्तांत कमी पडलेलें असतें. आशियांतील तरुण पुरुषांत कंठग्रंथीचा अतिरेक हें याचें एक कारण आहे. पोटॅशियम दिलें असतां कांहीं तासांत शक्ति परत येते. परंतु हें क्षार हृदयाच्या गतीवरही सत्ता चालवितें, म्हणून तें वैद्याच्या देखरेखीखालींच द्यावें लागतें.

स्त्रियांत, विशेषतः उन्हांत न जाणाऱ्या व वारंवार बाळंत झालेल्या, ड-जीवनसत्त्वाच्या अभावीं कमरेचे स्नायु दुबळे होतात, हाडें दुखतात आणि चाल बदकासारखी होते. पुष्कळ घरांत यास "वय झालें" म्हणून सोडून देतात. वस्तुतः तें थोड्या महिन्यांच्या औषधानें बरें होतें. मुलग्यांत दिसणारा ड्युशेनचा रोग मात्र निराळा. तीनचार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या भरदार दिसतात, आणि जमिनीवरून उठतांना तो स्वतःच्याच गुडघ्यांवर व मांड्यांवर हात टेकीत चढत जातो. सुमारें साडेतीन ते पांच हजार मुलग्यांत एकास होणाऱ्या या रोगांत स्नायूस जपणारें एक प्रथिन जन्मतःच नसतें. १९८७ सालीं तें ओळखण्यांत आलें. रोग पुष्कळदां आईकडून वारशानें येतो, पण त्यांत आईचा दोष तिळमात्र नाहीं, हें घरच्यांनीं पुन्हांपुन्हां स्वतःस सांगावें. पूर्ण बरा करणारा उपाय अजून नसला, तरी स्टेरॉईड, व्यायामोपचार आणि श्वास व हृदय यांची काळजी यांनीं आयुष्य व त्याचें सुख दोन्ही वाढतें. पुढच्या गर्भधारणेपूर्वीं आनुवंशिक सल्लाही घेतां येतो.

श्रोतेहो, रोगांचीं नांवें आपण विसरलांत तरी चालेल. वैद्यापुढें जातांना पांच प्रश्नांचीं उत्तरें मात्र बरोबर न्यावीं. दुर्बलता केव्हां सुरू झाली, आणि ती क्षणांत आली, दिवसांत आली कीं महिन्यांत? एका बाजूस आहे कीं दोन्ही? खालून वर चढते आहे काय? लघवी, गिळणें व श्वास कसे आहेत? आणि अलीकडे ताप, अतिसार, दंश, नवें औषध किंवा आहारांतील बदल झाला आहे काय? मेंदूचें चित्र दहा मिनिटांत निघतें, पण या प्रश्नांवांचून कोठें पाहावयाचें हें त्या चित्रास कोणी सांगत नाहीं.

तेल चोळण्यास माझी आडकाठी नाहीं. संकट टळल्यावर सांधे आंखडूं नयेत म्हणून हातपाय हळूहळू हलविणें, रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलणें, त्यास उभें करणें, बोलतें करणें, यांत घरच्या हातांइतकें मोल कशासच नाहीं. ही शुश्रूषा महिनोन्‌महिने चालवावी लागते आणि ती फळासही येते. पण तिची पाळी दुसरी आहे. पहिली पाळी निदानाची, आणि तिला उशीर खपत नाहीं.